खांदेरीचं दीपगृह: दिवसा बेट, रात्री बत्ती (एका सहलीच्या आखणीचं प्रकरण)

या प्रकरणातल्या माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. जागा मात्र खरी आहे. ती बदलली असती तर मुद्दाच उरला नसता.

पार्श्वभूमी

पुण्यातला हौशी इतिहासप्रेमींचा एक गट दर हिवाळ्यात एखादं ठिकाण ठरवून सहल काढतो. बरेचसे नोकरदार, काही निवृत्त, आणि शनिवार-रविवार धरून आला की त्यांची पोरंबाळं. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात खांदेरीचं नाव आल्यावर या गटाच्या आयोजक ताईंनी ठरवून टाकलं, या वर्षी खांदेरी. पण किल्ल्याचं निमित्त करून त्यांना खरं बघायचं होतं ते बेटावरचं १८६७ सालचं दीपगृह. त्यांनी याआधी चेन्नईचं दीपगृह वर चढून पाहिलं होतं. राजीव गांधींच्या हत्येनंतर ते लोकांसाठी बंद झालं आणि २०१३ मध्ये पुन्हा उघडलं, म्हणजे मधली वीसेक वर्षं शहरातल्या माणसालाही ते खालूनच बघावं लागत होतं. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटकांसाठी सोयी केल्याची बातमी आली होती. त्यामुळे गटातल्या बऱ्याच जणांची समजूत अशी होती की दीपगृह म्हटलं की तिकीट, लिफ्ट, कॅफे आणि वर फोटो. खांदेरी तसं ठिकाण नाही.

खांदेरी अलिबागच्या उत्तरेला थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत समुद्रात आहे. वाटेत उंदेरी लागते, ती किनाऱ्याला जास्त जवळ. खांदेरीवर दोन टेकड्या आहेत आणि दोहोंच्या मधल्या सखल भागाशी धक्का. दक्षिणेकडची टेकडी उंच, तिच्यावर दीपगृहाचा अष्टकोनी दगडी मनोरा. आज सरकारी कागदांत बेटाला आणि दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. थळच्या बंदरावर मात्र सगळे खांदेरीच म्हणतात.

या खडकासाठी एवढी मारामारी का झाली हे नकाशावर बोट ठेवलं की लगेच कळतं. मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारं कुठलंही जहाज इथून नजरेआड जाऊ शकत नाही. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन इथे उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प उतरायच्या प्रयत्नात मारला गेला. ऑक्टोबरात मराठ्यांचं आरमार चालून आलं, तेव्हा इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत मराठ्यांच्या हाती लागलं आणि 'रिव्हेंज' ही मोठी फ्रिगेट मात्र लढत टिकली. तरी रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या कमी पाण्यात चालणाऱ्या होड्या रसद पोचवतच राहिल्या. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, म्हणजे हाकेच्या अंतरावर दोन वैरी समोरासमोर. पुढे आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर केलेला हल्लाही फसला. बेट इंग्रजांकडे आलं ते १८१८ मध्ये, आणि त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी त्यांनी तिथे दिवा लावला. सुएझ कालवा सुरू व्हायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. मुंबईच्या तोंडावरचं प्राँग्सचं दीपगृह तर त्यानंतरचं, १८७५ चं.

मी या आखणीत सल्ला देण्यापुरता होतो. माझं राहणं अलिबाग तालुक्यातलं, आणि बाहेरून येणाऱ्या गटांना बोट, मुक्काम, जेवण यांची माणसं जोडून देणं हे माझं काम.

अडचण

ताईंचा फोन आला तेव्हा निमंत्रण जाऊन चार दिवस झाले होते. त्यात लिहिलं होतं: पौर्णिमेच्या रविवारी दुपारी बोटीने खांदेरी, सूर्यास्त दीपगृहाच्या सज्जातून, दिवा लागताना बघायचा आणि चांदण्यात परत. चौतीस जणांनी पैसेही भरले होते. वाचायला सुंदर कार्यक्रम. त्यातली एकही गोष्ट जमणारी नव्हती, आणि ते बोटवाल्याने पहिल्या मिनिटात सांगितलं.

थळचे हे नाखवा साठीच्या आसपासचे, बोलायला कमी. त्यांनी ताईंना फोनवर विचारलं, "ताई, पुनवेला सांजच्याला पाणी कुठं असतंय ते बघितलं का?" ताईंनी बघितलं नव्हतं. कोणीच बघितलं नव्हतं.

कोकणात भरतीचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितके वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे भरती आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी. त्यातून पौर्णिमेला उधाण, भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत मोठा. मुंबईच्या आसपास तो चार मीटरच्या वर जातो. थळचा किनारा उथळ आहे. दिवा लागल्यावर निघून सातच्या सुमारास थळला पोचलेली बोट किनाऱ्यापासून बरीच लांब थांबणार, आणि तिथून चौतीस माणसांना, त्यांत दोन गुडघे बदललेले आजोबा आणि सात वर्षांची मुलगी, अंधारात गुडघाभर पाणी आणि चिखल तुडवत यावं लागणार. वाटेत मच्छीमारांची जाळी लावलेली असतात, त्यांचे बोये रात्री दिसत नाहीत. प्रवासी घेऊन अंधारात यायचं नाही, हे तर नाखवांनी चर्चेलाच घेतलं नाही.

दुसरी अडचण परवानगीची. ताईंनी एका ठिकाणी फोन करून "खांदेरीला जाता येतं का" असं विचारलं होतं, उत्तर "हो" आलं होतं. पण बेटावर उतरणं वेगळं आणि मनोऱ्यावर चढणं वेगळं. दीपगृह हे चालू यंत्र आहे. वर किती जण, किती वेळ, कुठल्या वेळेत, हे तिथे नेमलेल्या माणसांच्या हातात असतं आणि दुरुस्ती निघाली तर त्या दिवशी वर जाणं बंदच. शिवाय दीपगृहं पाहुण्यांसाठी बहुधा दिवसा उघडी असतात, दिवा लागायच्या वेळेला नाही. सज्जातून सूर्यास्त आणि दिवा लागताना बघणं हे निमंत्रणातलं वाक्य लिहिणाऱ्याने कल्पनेतून लिहिलं होतं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे पुढे सगळं सुटलं, ती तेव्हा अडचणीसारखी दिसत होती: लोकांना दिवा जळताना बघायचाच होता. नुसता मनोरा बघण्यात त्यांना रस नव्हता.

कोणते पर्याय होते

पहिला विचार अर्थातच जाहीर केलेलं निभावून नेण्याचा. मोठी बोट मुंबईहून मागवायची, थळऐवजी मांडव्याला उतरायचं. खर्च दुप्पट झाला असता आणि बेटावरून अंधारात निघण्याचा प्रश्न तसाच राहिला असता. बेटावरच मुक्काम करू, असंही गटातल्या एका तरुणाने सुचवलं. ना सोय, ना परवानगी, आणि चौतीस माणसं. त्यावर कोणी फार बोललं नाही.

कोर्लईचा पर्याय मात्र खरोखर विचार करण्याजोगा होता, आणि खरं सांगायचं तर माझा कल तिकडेच होता. अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लईच्या दांड्यावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याला दीपगृह. गाडी जवळपर्यंत जाते. दीपगृहाच्या मागून किल्ल्यावर जायला वाट आहे. गावात आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, म्हणजे इतिहासप्रेमींना चघळायला भरपूर. बोट नाही, भरती नाही, गुडघे सुरक्षित. आयोजकांना सोपी सहल हवी असेल तर मी आजही कोर्लईच सुचवेन.

पण ताईंनी एक प्रश्न विचारला, तिथे माझा युक्तिवाद लंगडा पडला. "कोर्लईला दिवा लागलेला दिसेल का?" बाहेरून दिसेल, असं मी म्हटलं. "मग खांदेरीचाही बाहेरून दिसेल की," त्या म्हणाल्या.

या प्रकरणातला निर्णयाचा खरा क्षण हाच. दिवा लागल्यावर दीपगृहाच्या सज्जात उभं राहिलेल्या माणसाला दिवा फारसा दिसतच नाही. झोत त्याच्या डोक्यावरून निघून जातो, किंवा डोळे दिपतात. दीपगृह ज्याच्यासाठी बांधलं तो माणूस दहा-वीस किलोमीटर लांब, पाण्यावर असतो. माणूस पाण्याच्या पातळीवर उभा असेल तर त्याच्या डोळ्यांना क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर संपतं. दिवा मात्र पन्नास मीटर उंचीवर ठेवला तर पंचवीस किलोमीटरपर्यंत पोचतो. टेकडीही हवी आणि टेकडीवर मनोराही हवा, तो एवढ्यासाठी. त्यामुळे दीपगृह बघण्याच्या दोन जागा होतात. दगड, जिना, यंत्र बघायला जवळ जायचं, आणि प्रकाश बघायला लांब.

मग चौथा पर्याय आपोआप तयार झाला. सकाळी बोटीने बेट, दुपारी परत, आणि अंधार पडल्यावर थळच्या वाळूत बसून खांदेरीची बत्ती बघायची.

काय केलं

तारीख बदलणं सगळ्यांत जड गेलं. रजा टाकलेल्या, पैसे भरलेले. ताईंनी दोन ओळींचं पत्र पाठवून मोकळं करायचं की कारण समजावून सांगायचं, यावर बराच खल केला. शेवटी त्यांनी तिथीची पाऊणपट, उधाण आणि किनाऱ्याचा चिखल हे सगळं साध्या शब्दांत लिहून पाठवलं. सहा जण गळले. बाकीच्यांपैकी निम्म्यांनी पुढचे काही दिवस घरच्या कॅलेंडरवरून भरतीच्या वेळा काढून एकमेकांना पाठवल्या. सहलीची सुरुवात तिथेच झाली असं म्हणायला हरकत नाही.

नवी तारीख रविवार-सोमवार बघून निवडली नाही. नाखवांनी सांगितलं, "वद्य दशमी धरा." का, ते नीट बघण्यासारखं आहे. दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसात-आठला भरती, बोट किनाऱ्याला लागून माणसं घेऊ शकते. अष्टमीनंतरचे हे दिवस भांगाचे, भरती-ओहोटीत फरक कमी, त्यामुळे दुपारी साडेबाराला परत येतानाही पाणी फार मागे गेलेलं नसतं. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, पाणी सपाट असतं. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा कापत यावं लागतं, त्याच्या आधी परतायचं. आणि वद्य पक्षातली दशमी असल्यामुळे संध्याकाळी चंद्र नाही, तो मध्यरात्रीनंतर उगवणार. बत्ती बघायला काळाकुट्ट अंधार. निमंत्रणातलं पौर्णिमेचं चांदणं बत्तीच्या आड आलं असतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. एका तिथीत पाचही गोष्टी बसतात आणि ती तिथी नाखवांना तोंडपाठ होती. सुदैवाने हिवाळ्यातली अशी एक दशमी शनिवारी येत होती.

परवानगीसाठी या वेळी लेखी विचारलं, आणि दोन प्रश्न वेगळे विचारले: बेटावर किती जणांनी यावं, आणि मनोऱ्यावर जाऊ देणार का. उत्तर आलं त्यात मनोऱ्याबद्दल "त्या दिवशीच्या कामावर अवलंबून" असं होतं. ताईंनी ते वाक्य जसंच्या तसं सगळ्यांना कळवलं, आणि हे फार बरं केलं.

बोटीबद्दल थोडी घासाघीस झाली. अठ्ठावीस जण एका बोटीत बसवायला एक जण तयार होता. नाखवा नव्हते. प्रवासी परवाना आहे तेवढीच माणसं, प्रत्येकाला जाकीट, असं म्हणून त्यांनी दोन बोटी केल्या. माणशी खर्च वाढला. मुंबईत डबलडेकर बसला लटकून गेलेल्या पिढीला जाकीट घालायचा कंटाळा येतो, पण मुलांनी घातलं की आजोबाही घालतात.

एक गोष्ट कार्यक्रमात नव्हती ती नाखवांनी घातली. बेटावर उतरल्यावर आधी वेताळ. धक्क्याजवळ वेताळाचं स्थान आहे, रंगवलेला मोठा धोंडा. थळ-नवगावचे कोळी त्याला फार मानतात. कार्यक्रमात पहिली वीस मिनिटं "किल्ल्याची माहिती" अशी होती. ताईंनी विचारलं, आधी माहिती घेऊन मग वेताळाकडे गेलं तर? नाखवा म्हणाले, "तुम्ही घ्या माहिती. आम्ही नारळ ठेवून येतो." त्या स्वरावरून ताईंनी क्रम बदलला. ती वाट कोळ्यांच्या पिढ्यांची आहे, आपण तिथे पाहुणे.

दीपगृहाचं तंत्र समजावून सांगायचं ते बेटावर नको, असं आम्ही ठरवलं. शुक्रवारी रात्री मुक्कामाच्या घराच्या पडवीत एका निवृत्त अभियंत्याने अर्धा तास बोलून ते उरकलं. साध्या काचेच्या जाड भिंगाचं वजन झेपणारं नव्हतं म्हणून फ्रेनेल या फ्रेंच माणसाने १८२० च्या दशकात ते पायऱ्यापायऱ्यांनी कापून पातळ कड्यांचं कसं केलं. तेलाच्या दिव्यांच्या काळात भिंतीवरच्या जुन्या घड्याळात असतं तसं वजन खाली सोडून भिंग फिरवायचे आणि रखवालदाराला ते वजन रात्रीतून पुन्हापुन्हा वर ओढून घ्यावं लागायचं. आणि सगळ्यांना आवडलेली गोष्ट: दिवसा दीपकक्षाच्या काचांना पडदे लावतात, कारण जे भिंग रात्री प्रकाश बाहेर फेकतं तेच दिवसा सूर्य आत गोळा करतं आणि आग लावू शकतं. खिशातून चाळिशीचा चष्मा काढून त्यांनी सकाळी हे कागदावर करून दाखवायचं कबूल केलं, आणि केलंही.

काय घडलं

सकाळी आठच्या सुमारास दोन्ही बोटी सुटल्या. समुद्र सपाट. उंदेरी डाव्या हाताला टाकून खांदेरीच्या धक्क्याला लागलो तेव्हा कोणाचं पोट ढवळलेलं नव्हतं. वेताळाला नारळ वाढवला, खोबरं सगळ्यांना मिळालं.

पुढचा तास बिघडला. गटातले एक जाणकार शिक्षक १६७९ च्या लढाईवर बोलायला धक्क्याजवळ उभे राहिले. ते बोलतात चांगलं, अभ्यासही पक्का, पण ऐकणाऱ्यांच्या समोर होती एक भिंत आणि डोक्यावर चढतं ऊन. 'रिव्हेंज' कुठून आली, मराठी होड्या कुठून सटकल्या, हे हातवाऱ्यांनी सांगत होते. लोक माना डोलवत होते आणि सावली शोधत होते. वीस मिनिटांचे चाळीस झाले. थांबवायचं कोणी, हा आपल्याकडचा नेहमीचा पेच: ते वयाने सगळ्यांत मोठे.

त्या चाळीस मिनिटांची किंमत मनोऱ्यावर मोजावी लागली. सुदैवाने वर जायला हो म्हटलं होतं, पण सहा-सात जणांच्या तुकड्या आणि नाखवांनी दिलेली परतीची वेळ. तीन तुकड्या वर जाऊन आल्या, चौथी राहिली. राहिलेल्यांत ती सात वर्षांची मुलगी होती. ताईंना ते लागलं. आधी मुलांची तुकडी पाठवायची, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आपोआप जे दाराशी होते ते आधी गेले.

पण राहिलेली तुकडी टेकडीवर बसली होती आणि तिथून एका नजरेत सगळं दिसत होतं: पूर्वेला थळ, मधे उंदेरी, उत्तरेला धुरकट मुंबई, पश्चिमेला नांगरून पडलेली जहाजं. शिक्षक तिथे येऊन बसले आणि कोणीतरी विचारलं म्हणून दहा मिनिटांत तीच लढाई पुन्हा सांगितली. या वेळी हातवारे लागले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. उंदेरी किती जवळ आहे हे बघून एका बाईंच्या तोंडून "बापरे, इतकी?" एवढंच निघालं. जे मनोऱ्यावर गेले होते त्यांनी हे ऐकलंच नाही.

दीपगृहाजवळ एक खडक आहे, दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजतो. सगळ्यांना त्याची माहिती इंटरनेटवरून होती. ठोकून ठोकून त्याला खळगे पडलेत. ताईंनी एकाच मुलाला एकदाच वाजवू दिला, बाकीच्यांनी कान लावले. दोघे-तिघे नाराज झाले. व्हायचेच. तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेली तोफ आहे, तिच्यावर बसून फोटो काढायचा मोह मात्र मोठ्यांनाच जास्त होता.

साडेबाराच्या ऐवजी एकला निघालो. पाणी उतरलं होतं पण भांगाचे दिवस असल्याने घोट्यापेक्षा वर कोणाचे पाय भिजले नाहीत. वारा नुकता सुटत होता.

संध्याकाळी सातनंतर थळच्या किनाऱ्यावर चटया टाकल्या, मोबाईल बंद करायला लावले. पहिला झोत दिसला तेव्हा मुलांनी ओरडून घेतलं. मग मोजणी. प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याची लय ठरलेली असते आणि नाविक ती पुस्तकातल्या नोंदीशी जुळवून आपण कुठे आहोत ते ओळखतात, हे आदल्या रात्री सांगितलं होतं. दोन गट केले, घड्याळं दिली. दोघांचा आकडा जुळेना. भांडण चांगलं रंगलं. शेवटी कळलं की एक गट उजेड संपल्यापासून पुन्हा उजेड येईपर्यंतचा नुसता अंधार मोजत होता, आणि दुसरा एका चमकेपासून पुढच्या तशाच चमकेपर्यंतचं पूर्ण आवर्तन. नाविकांच्या नोंदीत दुसरं धरतात. आकडा इथे मुद्दाम देत नाही, जाणाऱ्याने तो स्वतः मोजून काढावा. मनोऱ्यावर जाता न आलेली मुलगी आवर्तन मोजणाऱ्या गटात होती, आणि तिच्या आईने नंतर सांगितलं की घरी गेल्यावर ती बराच काळ रस्त्यावरचे बंद-चालू होणारे दिवे मोजत असे.

गटाने नंतर सगळ्यांना काय आवडलं ते विचारलं तेव्हा किनाऱ्यावरची संध्याकाळ पहिली आली, टेकडीवरचं दृश्य दुसरं. मनोऱ्याचा जिना, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो तिसरा. माझ्या मते यात मनोऱ्याचा दोष नाही. आत गर्दीत, घाईत बघितलेलं यंत्र कितीही जुनं असलं तरी मनात बसत नाही.

पुन्हा करायचं तर

निमंत्रण आधी आणि नाखवा नंतर हा क्रम उलटा करावा लागेल. बाकीच्या बऱ्याच चुका त्या एका क्रमातून निघाल्या. बोटवाल्याला विचारायचा प्रश्नही "येता का?" हा नसून "कुठल्या तिथीला जावं?" हा आहे. पाऊणपटीचा हिशेब आयोजकाने स्वतः करून बघावा, पण तो अंदाजाचा आहे. निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं छापील कोष्टक आणि नाखवांचा शब्द, दोन्ही घ्यावेत. पावसाळ्यात तर हा विषयच नको.

लढाईची गोष्ट धक्क्यावर सांगू नये, टेकडीवर सांगावी, आणि तीही मनोऱ्याच्या तुकड्या सुरू व्हायच्या आधी, सगळे एकत्र असताना. बोलणाऱ्याला वेळ आठवण करून देणारा माणूस आधीच नेमावा, तोही वयाने बरोबरीचा. लहानांनी नमस्कारच करायचा असतो, थांबवता येत नाही. तुकड्यांची यादी आदल्या रात्री करावी, मुलं आणि हळू चालणारे पहिल्या तुकडीत.

बोट न झेपणाऱ्या तिघा ज्येष्ठांना आम्ही सकाळभर थळच्या घरीच बसवून ठेवलं. ते काही बोलले नाहीत, पण दुपारी आलो तेव्हा पेपर तिसऱ्यांदा वाचून झाला होता. त्यांना गाडीने कोर्लईला पाठवता आलं असतं. तिथल्या दीपगृहाची बघायची वेळ आधी विचारून घेतली असती तर संध्याकाळी त्यांच्याकडेही सांगायला काही असतं, आणि दोन दीपगृहांची तुलना झाली असती. हा पर्याय हातात होता, आणि "एकच ठिकाण" धरून बसल्यामुळे तो सगळ्यांच्या नजरेतून सुटला.

एका गोष्टीवर ताईंचं आणि माझं अजून जमलेलं नाही. २०२१ च्या सागरी नौकानयन साहाय्य कायद्याने १९२७ चा जुना दीपगृह कायदा गेला आणि जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून दर्जा देण्याची तरतूद आली. ताईंना वाटतं, खांदेरीसारख्या ठिकाणी पर्यटकांची सोय वाढली, रोजच्या ठरलेल्या बोटी सुरू झाल्या की लोकांना बरं. मला वाटतं, धक्का लहान, पाण्याची टंचाई, जाळ्यांचा समुद्र आणि वेताळाची जागा, एवढं धरून रोज किती माणसं झेपतील हे थळ-नवगावच्या कोळ्यांना विचारून आधी ठरवावं, मग बोटींचं बघावं. पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी त्यांनी नाखवांना फोन केला आहे. तारीख अजून ठरलेली नाही, निमंत्रणही निघालेलं नाही.